बंदूक आणि कायदा

पोलिसांना कोणावरही गोळी झाडता येते का, असे मुले आम्हाला विचारतात. उत्तर ‘नाही’ असेच आहे.

१९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार नागरिकाला बंदुकीसाठी परवाना लागतो. हैदराबादेत तो पोलीस आयुक्त देतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर वरातीत बेफिकीर गोळीबार केल्यास २ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

कर्तव्यावरील पोलिसांना परवाना लागत नाही. स्वसंरक्षणाचा हक्क मात्र त्यांना व आपल्याला एकाच कायद्याने मिळतो. ६ डिसेंबर २०१९ रोजी शहराजवळ चटनपल्ली येथे पोलिसांच्या गोळीबारात ४ संशयित ठार झाले. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्या. सिरपूरकर आयोगाने २०२२ मध्ये पोलिसांचा स्वसंरक्षणाचा दावा नाकारून १० जणांवर खटल्याची शिफारस केली. शिफारस म्हणजे निकाल नव्हे. पण वर्दीलाही जाब द्यावा लागतो, हे मुलांना कळावे.