सीटी अँजिओ: रेडिएशन कमी, डाय कमी, तरी चित्र स्पष्ट कसं?

आजचा प्रश्न तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा आहे. 'बाबांना सीटी अँजिओ सांगितलीय. पण त्यांना शुगर आहे, क्रिएटिनिन वाढलेलं आहे, वर रेडिएशनची भीती. करायची का?' मी रेडिओलॉजीत काम करतो, तेव्हा आतली गोष्ट सांगतो.

साध्या सीटीत रक्त आणि आजूबाजूचे स्नायू जवळपास सारखेच दिसतात. म्हणून हाताच्या शिरेतून आयोडीनयुक्त डाय देतात. आयोडीन क्ष-किरण अडवतं आणि रक्तवाहिनी पांढरी उठून दिसते. म्हणजे डोस दोन: एक किरणांचा, एक डायचा.

गंमत अशी, की एकाच बदलाने दोन्ही कमी होतात. तो म्हणजे ट्यूबचं व्होल्टेज. आयोडीन ३३ केईव्हीच्या जरा वरची किरणं सगळ्यात चांगली अडवतं. व्होल्टेज १२० वरून १०० किंवा ८० केव्हीवर आणलं, की किरणांची सरासरी ऊर्जा त्या आकड्याच्या जवळ सरकते. तेवढाच डाय जास्त चमकतो, म्हणून कमी डायमध्ये भागतं. आणि रेडिएशन साधारण व्होल्टेजच्या वर्गानुसार बदलतं. बाकी सगळं तेच ठेवून १२० चे १०० केले, तर सुमारे ३० टक्के घट!

मग सगळ्यांनाच ८० का नको? कारण कमी ताकदीची किरणं जाड शरीरातून पुरेशी पार होत नाहीत, चित्र दाणेदार होतं. हे दाणे इटरेटिव्ह रिकन्स्ट्रक्शनसारखं सॉफ्टवेअर बरंच कमी करतं, पण त्यालाही मर्यादा आहे. वजनदार पेशंटला १२० च लागू शकतात.

हृदयाचं आणखी वेगळं. ते हलतं ना! पूर्वी अख्ख्या ठोक्यात किरणं चालू असायची. आता ईसीजी बघून, हृदय सगळ्यात स्थिर असतं तेवढ्याच क्षणी सोडता येतात. त्यासाठी नाडी ६०-६५ च्या आत हवी, म्हणून आधी बीटा ब्लॉकरची गोळी देतात. अशा सगळ्या उपायांमुळे, २००७ आणि २०१७ ची तुलना करणाऱ्या 'प्रोटेक्शन ६' या आंतरराष्ट्रीय पाहणीत हृदयाच्या सीटीचा डोस ७८ टक्क्यांनी उतरलेला दिसला.

डायच्या मागोमाग सलाईनही सोडतात. नळीत आणि हाताच्या शिरेत अडकलेला डाय पुढे ढकलला जातो, वाया जात नाही.

पण डोस इतकाही कमी नको की चित्रच वाचता येणार नाही. स्कॅन पुन्हा करावा लागला, तर किरणं आणि डाय दोन्ही दुप्पट.

तेव्हा घाबरून तपासणी टाळू नका, तयारीने जा. क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट आणि जुन्या सीटीच्या फिल्म सोबत न्या. मेटफॉर्मिन चालू असेल, आधी डायची ॲलर्जी झाली असेल किंवा गरोदरपणाची शक्यता असेल, तर आधीच सांगा. ईजीएफआर ३० च्या खाली असेल, तर तुमच्या डॉक्टरांशी आणि रेडिओलॉजिस्टशी बोलूनच ठरवा. आणि बिनधास्त विचारा, 'माझ्या वजनाला कमी केव्ही चालेल का?' हा प्रश्न आम्हाला आवडतो, खरंच!