जुनी हायब्रिड घेताना जाळीत डोकावा

टोयोटाची कॅमरी हायब्रिड भारतात 2013 साली आली. आता ती सेकंडहँड मिळते आणि भाव ऐकून मोह होतोच. इंजिन सहसा दगा देत नाही. खरी मेख मागच्या सीटमागच्या निकेल-मेटल हायड्राइड बॅटरीत आहे. 7.2 व्होल्टची 34 मॉड्यूल एकापुढे एक जोडलेली, एकूण सुमारे 245 व्होल्ट. एक खचलं की अख्खा संच अडतो. तिला थंड ठेवते केबिनमधलीच हवा. सीटजवळच्या जाळीत धूळ, कुत्र्याचे केस अडकले की पंखा घोंघावतो, बॅटरी तापते आणि अकाली म्हातारी होते. म्हणून जाळीवर बोट फिरवून मगच भावाचं बोला. नवा संच लाखांत जातो. ब्रेकला दाब पुरवणारं विजेवरचं युनिटही स्वस्त नाही, आणि त्याचं काम नाक्यावरच्या मेकॅनिकच्या आवाक्याबाहेरचं.