उतरलात गोव्यात, पण हॉटेल कुठाय?

शुक्रवारची दुपार, साडेचारचा चहा. बॉस मीटिंगमध्ये अडकलेला आणि इकडे तीन डोकी एका मॉनिटरसमोर. विषय अर्थातच गोवा! तिकिटांची तुलना करून झाली, हॉटेलचे फोटो झूम करून बाथरूमच्या टाइल्ससुद्धा तपासून झाल्या, पहिल्या संध्याकाळी कुठे बसायचं यावर एक छोटंसं भांडणही झालं. अशात कुणीतरी बिचारा विचारतो, ‘‘एअरपोर्टवरून हॉटेलला कसं जायचं?’’ आणि उरलेले दोघं एका सुरात म्हणतात, ‘‘अरे, बघू तिकडे गेल्यावर. टॅक्सी मिळेलच की!’’

मिळते. टॅक्सी मिळतेच. पण ती कुठून कुठपर्यंत, किती वेळात आणि कितीला, हे कुणी बघत नाही. मीही नव्हतं बघितलं.

फेब्रुवारी 2025 ची गोष्ट. बाबांच्या आजारपणात आईची दोन वर्षं हॉस्पिटलच्या बाकड्यावर गेली होती. ते गेल्यानंतरही ती घराबाहेर पडायची ती बँकेत नाहीतर पेन्शनच्या कागदांसाठी. म्हटलं, पुरे! हिला आता समुद्र दाखवायचा. आई याआधी गोव्याला गेली होती ती लग्नानंतर, एसटीनं, रात्रभर उलट्या करत. या वेळी विमान. तेही आयुष्यातलं पहिलंच. हॉटेल बुक केलं पाळोळ्याला, दक्षिणेच्या टोकाला, काणकोणात. शांत किनारा, पाण्यापासून चाळीस पावलांवर खोली आणि दोन रात्री. म्हणजे हिशेबात दोन सूर्यास्त.

तिकीट काढताना स्क्रीनवर दोन ‘गोवा’ दिसले. एकापुढे जीओआय, दुसऱ्यापुढे जीओएक्स. जीओएक्सवालं दोघींचं मिळून अठराशे रुपयांनी स्वस्त. मी क्लिक केलं आणि स्वतःवरच खूष झाले. गोवा केवढासा? इकडून तिकडे जाऊन जाऊन किती लांब असणार!

तर मंडळी, गोवा केवढासा असला तरी त्याचे दोन विमानतळ त्याच्या दोन वेगवेगळ्या अंगांना आहेत. जीओआय म्हणजे दाबोळी. वास्कोजवळचा हा जुना विमानतळ पोर्तुगीजांनी बांधला. गोवा मुक्तीच्या वेळी, डिसेंबर 1961 मध्ये, भारतीय हवाई दलानं त्याच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले होते. नंतर तिथे नौदलाचा तळ आला, आयएनएस हंसा. त्याच आवारात नागरी विमानं उतरतात, म्हणून विमान धावपट्टीवर असताना खिडकीतून फोटो काढायला मनाई असते. (तरीही आपल्यातले काही जण काढतातच. असो.) जीओएक्स म्हणजे मोपा, पेडणे तालुक्यातलं पठार, जवळजवळ महाराष्ट्राच्या हद्दीवर. मनोहर पर्रीकरांचं नाव दिलेल्या या विमानतळाचं उद्घाटन डिसेंबर 2022 मध्ये झालं आणि प्रवासी विमानं सुरू झाली जानेवारी 2023 मध्ये. मोप्याहून सावंतवाडी जवळ पडते, मडगाव नाही.

आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. हरमल, मोरजी, आश्वे हे उत्तरेचे किनारे मोप्याहून तासाभराच्या आत. कळंगुट-बागा दोन्हीकडून जवळपास सारखेच, मोपा जरा जवळ. पणजीलाही दोन्हीकडून तीस-पस्तीस किलोमीटर, तिथे फार फरक पडत नाही. पण कोलवा, बाणावली, माजोर्डा म्हटलं की दाबोळीच. आणि पाळोळे? दाबोळीहून साधारण साठ-पासष्ट किलोमीटर. मोप्याहून शंभरच्या आसपास.

हे सगळं मला कळलं ते मोप्याच्या टॅक्सी काउंटरवर, दुपारी सव्वाचार वाजता, आकडा ऐकल्यावर. वाचवलेले अठराशे तिथेच संपले, वर आणखी थोडे घातले. आईनं माझ्याकडे बघितलं. मी पर्समध्ये बघितलं.

गाडी निघाली. धारगळपर्यंत मस्त रस्ता, आई खिडकीतून काजूची झाडं बघत होती, मला बरं वाटायला लागलं. म्हापसा मागे पडलं आणि पर्वरीत अडकलो. तिथे तेव्हा उन्नत मार्गाचं काम चालू होतं, आणि अख्ख्या उत्तर गोव्याची गाडी जणू त्या एका बाटलीच्या तोंडातून जात होती. तिथून सुटलो, मांडवी ओलांडली, झुआरीचा नवा पूलही ओलांडला. (या पुलाची एक बाजू डिसेंबर 2022 मध्ये खुली झाली, दुसरी पुढच्या वर्षी. त्याआधी इथल्या जुन्या पुलावर लोकांची विमानं चुकायची.) पूल उतरल्यावर कुठ्ठाळीच्या बाजूला पाटी दिसली : दाबोळी विमानतळ. आणि अगदी सिनेमात दाखवतात तसं त्याच क्षणी एक विमान खाली उतरताना दिसलं.

आई म्हणाली, ‘‘हे विमान कुठे चाललंय गं?’’

मी म्हटलं, ‘‘आपण उतरायला हवं होतं तिथे.’’

पहिला सूर्यास्त आम्ही वेर्ण्याच्या पुढे एका ट्रकच्या मागे पाहिला. ट्रकच्या वरून थोडासा केशरी रंग दिसत होता. मग मडगाव, मग कुंकळ्ळी, मग करमल घाट. घाटातली वळणं सुरू झाली आणि आईला एसटीच्या त्या प्रवासाची आठवण आली, म्हणजे अक्षरशः. ड्रायव्हरनं न बोलता गाडी बाजूला घेतली, पाण्याची बाटली दिली, आणि डिकीतून लिंबू काढलं. आम्ही पोचलो तेव्हा पावणेआठ वाजले होते. समुद्राचा फक्त आवाज होता. गाडी खोलीपर्यंत जात नव्हती, कारण पाळोळ्याच्या झोपड्या वाळूवर असतात, दर पावसाळ्याआधी मोडतात आणि नंतर पुन्हा उभ्या राहतात. बॅगेची चाकं वाळूत चालत नाहीत, हेही तेव्हाच कळलं. आई न जेवता झोपली. दोनातली एक संध्याकाळ गेली.

टॅक्सीवाला लुटतो का?

हा आपला राष्ट्रीय आवडता प्रश्न. गोव्याहून परतलेला प्रत्येक जण ऑफिसात पहिलं वाक्य हेच बोलतो. मुंबईत रस्त्याच्या कडेला उभं राहून ॲप उघडायची आपली सवय इथे फारशी चालत नाही. मोठ्या ॲप कंपन्यांना स्थानिक टॅक्सीवाल्यांनी वर्षानुवर्षं कडाडून विरोध केलाय. गोवामाइल्स हे गोव्याचं ॲप 2018 मध्ये आलं, त्यावरूनही आंदोलनं झाली. काउंटर मात्र विमानतळावर असतात, प्रीपेडचा आणि ॲपचाही. दोन्हीकडे विचारा, पावती घ्या, मगच बाहेर पडा. बाहेर ‘टॅक्सी टॅक्सी’ करत येणाऱ्याशी घासाघीस करून तुम्ही जिंकाल असं वाटत असेल तर शुभेच्छा.

पण आमचा लिंबूवाला ड्रायव्हर मडगावनंतर बोलायला लागला. पेडण्याचाच मुलगा, माझ्याच वयाचा. मोप्याच्या पठारावर त्यांची काजूची बाग होती, ती विमानतळात गेली. मिळालेल्या पैशातून आणि कर्जातून गाडी घेतली. त्याचं गणित सरळ होतं. पाळोळ्याला सोडलं की परतीचं भाडं मिळत नाही, कारण काणकोणातली गिऱ्हाइकं तिथल्या ड्रायव्हरांची. शंभर किलोमीटर रिकामं यायचं. पावसाळ्यात धंदा बसतो, हप्ता बसत नाही. म्हणजे आपण जे भाडं देतो त्यात जाण्याबरोबर येणंही असतं. आकडा ऐकून पोटात गोळा येतो तो येतोच, पण निदान तो कशाचा आहे ते कळतं. म्हणून लांबचं हॉटेल असेल तर एक फोन आधी हॉटेललाच करा. ते त्यांच्याच गावातली गाडी पाठवतात. ती गाडी स्वस्त असेलच असं नाही, पण ड्रायव्हरला रात्री अकरा वाजता नारळाच्या बागेतली नेमकी गल्ली माहीत असते. भाडं आधी ठरवा आणि मेसेजवर लिहून घ्या. फोनवर ठरलेले आकडे पोचेपर्यंत वाढतात, हा स्वानुभव!

बस? हो, बस!

कॉर्पोरेट जॉब लागल्यावर आपण बस हा शब्द विसरतो. पण एकटे किंवा दोघं असाल, पाठीवर एकच सॅक असेल आणि मुक्काम पणजी, म्हापसा, मडगावसारख्या ठिकाणी असेल, तर कदंबाची विमानतळावरची बस ही शहाणपणाची गोष्ट आहे. कदंबा म्हणजे गोव्याची एसटी. मोप्याहून इलेक्ट्रिक, एसी गाड्या सुटतात, आणि टॅक्सीच्या तुलनेत तिकीट म्हणजे काहीच नाही. मागे एकदा कामासाठी गेले तेव्हा मी पणजीची बस धरली. शेजारी विमानातली एअरहोस्टेस बसली होती, ड्यूटी संपवून घरी चाललेली. पणजी स्टँडला उतरले, कोपऱ्यावर चहा प्यायले, पुढे रिक्षा. तोटा एकच, गाडी तिच्या वेळेला सुटते, तुमच्या नाही. तुमचं विमान उशिरा आलं आणि बस नुकतीच गेली की बसा वाट बघत. त्यामुळे उतरायची वेळ आणि बसची वेळ घरूनच पडताळा. रात्रीच्या विमानाला बसवर विसंबू नका. आणि ज्येष्ठ मंडळी, तीन सूटकेसेस, रडणारं बाळ यातलं काहीही सोबत असेल तर हा परिच्छेद विसरून जा.

स्वतःची स्टिअरिंग

चार मित्र, तीन दिवस, रोज नवा किनारा : मग भाड्याची गाडी विमानतळावरच ताब्यात घेणं परवडतं. येण्याजाण्याच्या टॅक्सीचे पैसे वाचतात आणि मधल्या दिवसांचीही सोय होते. फक्त नंबरप्लेट बघा. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असतील तर ती गाडी कायद्यानं भाड्यानं द्यायची परवानगी असलेली. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे कुणाच्या तरी काकांची खासगी गाडी. ती भाड्यानं देणं बेकायदा, पोलिसांनी अडवलं तर सुट्टीचा अर्धा दिवस चौकीत, आणि अपघात झाला तर विमा हात वर करण्याची भीती. माझ्या एका मैत्रिणीच्या ग्रुपनं अशीच गाडी घेतली होती. परत देताना मालकानं बंपरवरचा एक ओरखडा दाखवला आणि डिपॉझिट ठेवून घेतलं. ओरखडा आधीचाच होता, पण पुरावा काय? म्हणून किल्ली हातात घ्यायच्या आधी गाडीभोवती फिरून व्हिडिओ काढा. हसतील लोक, हसू देत.

आणि हो, ज्याला स्टिअरिंगवर बसायचंय त्यानं विमानात बसल्यापासूनच सुट्टी साजरी करायला सुरुवात करू नये. गोव्यात रात्रीचे रस्ते अरुंद आणि अंधारे असतात, कडेला गाई बसलेल्या असतात आणि त्यांना तुमच्या वीकेंडशी काही देणंघेणं नसतं.

मोटरसायकल पायलट ही गोव्याची खास चीज. पुढचा मडगार्ड पिवळा असलेली बाइक, मागे तुम्ही. शहरात एका जागेवरून दुसरीकडे जायला झकास. दाबोळीजवळच बोगमाळोला राहणार असाल तर सॅक घेऊन जाता येईलही. पण चाकांची बॅग घेऊन पायलटच्या मागे बसायचा विचार सर्कशीत काम केलेल्यांनीच करावा.

परतीचं काय?

याचा विचार तर कुणीच करत नाही. आमचं परतीचं विमानही मोप्याहूनच होतं, दुपारी बाराच्या सुमारास. पाळोळ्याहून आम्ही सकाळी सातला निघालो. म्हणजे शेवटची सकाळही गेली. दोन विमानतळांचा एक फायदा मला नंतर सुचला : जाताना एकीकडे उतरा, येताना दुसरीकडून निघा. उत्तरेत दोन दिवस, दक्षिणेत दोन दिवस, मध्ये एकदाच प्रवास, तोही दिवसाढवळ्या थांबत थांबत. तिकिटं वेगवेगळी काढावी लागतात, इतकंच. टॅक्सी, वेळ आणि तिकीट यांची बेरीज करा, मग स्वस्त काय ते ठरवा. स्क्रीनवर फक्त तिकीटच दिसतं.

दुसरा सूर्यास्त मात्र आम्ही पाहिला. आई साडी घोट्यापर्यंत उचलून पाण्यात उभी राहिली आणि पाऊण तास हलली नाही. मी फोटो काढायला गेले तर म्हणाली, ‘‘राहू दे गं.’’ अंधार पडल्यावर चहा पिता पिता तिनं विचारलं, ‘‘मडगावला ट्रेननं उतरलो असतो तर किती पडलं असतं?’’ मी आकडा सांगितला. ती काहीच बोलली नाही. बिस्किट चहात बुडवून खात राहिली.

मागच्या महिन्यात मावशीचं गोव्याचं ठरलं. बाणावलीला हॉटेल, मुलानं तिकिटं काढलेली. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. आई फोनवर मावशीला दरडावून विचारत होती, ‘‘ते सगळं राहू दे. आधी मला सांग, जीओआय की जीओएक्स?’’