नहरीवांचून चक्की

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वींचें औरंगाबाद, पाहण्यास येणारा प्रवासी बिबीका मकबरा पाहून झाल्यावर बहुधा पाणचक्कीकडे वळतो. खाम नदीच्या कांठीं, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यालगत ती उभी आहे. तिकीट काढावें, हौद पाहावा, 'येथें पूर्वीं पीठ पडत असे' असें मुलांना सांगावें व निघावें, एवढ्यांत हें दर्शन संपतें. परंतु जें खरोखर दाखवावयास हवें तें तेथें दिसतच नाहीं. तें जमिनीखालीं आहे.

1744 च्या सुमारास तुर्कताजखान नांवाच्या सरदारानें हें काम पुरें केलें. शहराच्या उत्तरेस डोंगरपायथ्याशीं असलेल्या विहिरीचें पाणी कित्येक मैल खापरी नळांतून आणण्यांत आलें. उंच भिंतींतून तें वर चढविलें व तेथून खालीं सोडलें. पडत्या पाण्याच्या जोरानें पात्यांचें चाक फिरे, चाकाचा आंस वरच्या दगडास फिरवी, आणि यात्रेकरूंचें व फकिरांचें दळण होई. त्यास बैल नको, अग्नि नको, वेठ नको. घरोघर बायकांना पहाटेच्या अंधारांत जात्याशीं झटावें लागे त्या काळीं, येथें तेवढे कष्ट पाण्यानें आपल्या शिरावर घेतले होते.

ही विद्या या शहरास नवी नव्हती. 1610 मध्यें खडकी वसविणाऱ्या मलिक अंबरानें 1617 च्या सुमारास नहर-ए-अंबरी बांधून अशाच भूमिगत मार्गानें नगरास पाणी पुरविलें होतें. जमिनीचा उतार अचूक ओळखणें, एवढेंच तिचें भांडवल.

आज चक्कीचें दळण केव्हांच बंद पडलें आहे. गिरण्या आल्या म्हणून तें थांबलें, यांत दुःख मानण्याचें कारण नाहीं. दुःख आहे तें नहरींचें. चक्की डोळ्यांसमोर असल्यामुळें तिची डागडुजी होते. नहर दृष्टीआड म्हणून तिच्यावर घरें उठतात, रस्ते खणले जातात, नळ फुटतात, आणि कोणाच्याहि मनास टोंचणी लागत नाहीं. दुकानाची पाटी रंगविली पण मालाची आवक तुटली, तर ती पेढी किती दिवस चालेल, हें आमच्या व्यापारी वाचकांस सांगावयास नको.

आणि हें कोणत्या शहरांत घडतें? जें शहर पैठणजवळच्या जायकवाडी धरणाचें पाणी वीज जाळून पन्नासएक किलोमीटर ओढून व चढवून आणतें, आणि ज्याच्या रहिवाशांनीं अलीकडच्या वर्षांत नळास पाणी येण्याची कित्येक दिवस वाट पाहिली, त्या शहरांत. जुन्या नहरी आजच्या लाखों लोकांची तहान भागवितील असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु चार बागा, दोन वस्त्या, एक मशीद व एक देऊळ यांना पुरेल एवढें पाणी फुकट वाहूं देणें हें कोणत्या हिशेबांत बसतें?

कोणी म्हणेल, हें काम सरकारचें. राज्याच्या वक्फ मंडळाची कचेरी पाणचक्कीच्या आवारांतच आहे. महापालिकाहि दूर नाहीं. त्यांनीं प्रथम नहरींचा मोजून नकाशा करावा, तो नागरिकांसमोर मांडावा, आणि त्या रेषेवर नवें बांधकाम होऊं देऊं नये. दरवर्षीं पावसाळ्यापूर्वीं गाळ काढण्याचा खर्च व्यापारी मंडळांनीं वांटून घ्यावा. खाम नदीच्या शुद्धीकरणाचें काम अलीकडे महापालिका व नागरिक यांनीं मिळून हातीं घेतलें, तेव्हां असें सहकार्य या शहरास अशक्य नाहीं.

दान देणारे आमच्यांत पुष्कळ आहेत. दान चालू ठेवणारे थोडे. पाणचक्कीच्या दारावर आणखी एक पाटी लावण्याऐवजीं त्या पैशांत नहरीचा एक फुटका नळ बदलला, तर त्या दात्याचें नांव आम्ही आनंदानें या पत्रांत छापूं.