पेन्शन हजारावरच का अडली?

महाड एमआयडीसीतून निवृत्त झालेले कामगार आपल्या बऱ्याच घरांत आहेत. त्यांची पेन्शन १९९५ च्या योजनेतली. मालकाच्या वाट्यातून पगाराच्या ८.३३ टक्के त्यात जातात. १० वर्षं नोकरी भरली की ५८ व्या वर्षापासून पेन्शन. किमान रक्कम २०१४ पासून १००० रुपये. गॅस सिलिंडर घेतला की उरतं काय?

म्हणून अशोक राऊत यांच्या संघटनेने डिसेंबर २०१८ मध्ये बुलढाण्यात साखळी उपोषण सुरू केलं. मागणी ७५०० रुपये आणि महागाई भत्ता. वाढ केंद्र सरकारच्या हातात, त्यामुळे ही म्हातारी माणसं खासदारांना गाठतात, दिल्लीला धडकतात.

नवऱ्यामागे पेन्शन बायकोला मिळते. पोलादपूरच्या बैठकीत विचारलं, तर दोघींनाच माहीत! पेन्शनचा पीपीओ कागद घरात कुठे आहे, ते आज रात्रीच विचारून घ्या.