फॅमिली रूम वर आहे

लहानपणी ज्या हॉटेलांवर आपण जीव टाकला, त्यांतलं एकही लहान मुलांसाठी काढलेलं नव्हतं. मुलांसाठी वेगळी उंच खुर्ची नाही, कमी तिखटाचा वेगळा पदार्थ नाही, रंगवायला कागद नाही, कोपऱ्यात घसरगुंडी नाही. संगमरवरी टेबलाला हनुवटी टेकायची आणि समोरचा डोसा डोळ्यांच्या रेषेत यायचा. पाण्याचे चार पेले पोऱ्या एका हातात आणायचा, चारही पेल्यांत एकेक बोट बुडवून. आई ते परत पाठवायची, तो तेच पेले बाहेरून पुसून पुन्हा आणायचा, आणि आम्हाला हा खेळ फार आवडायचा.

ही हॉटेलं होती एकट्या माणसांसाठी. गिरणीतला, कचेरीतला, गोदीवरचा, कोकणातून किंवा घाटावरून आलेला आणि बायकामुलं गावी ठेवलेला पुरुष हे त्यांचं खरं गिऱ्हाईक. कुटुंब महिन्यातून एखाद्या रविवारी यायचं, तेही जरा अवघडून. मला वाटतं, त्या जागांची जी ओढ पन्नाशी-साठीतही सुटत नाही, तिचं मूळ इथेच आहे. मोठ्यांच्या जगात आपल्याला तासभर बसू दिलं जायचं.

बाहेर खाणं आपल्याकडे साधी गोष्ट कधीच नव्हती. 1890 साली पुण्यात पंचहौद मिशनच्या कार्यक्रमात चहा-बिस्किटं पुढे आली आणि रानडे, टिळक यांच्यासारखी मंडळी तिथे होती. गोपाळराव जोशींनी उपस्थितांची नावं ‘पुणे वैभव’ पत्रात छापून टाकली आणि त्यावरून ग्रामण्य, म्हणजे बहिष्काराचा वाद, उभं राहिलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. न्यायमूर्ती रानड्यांनी पुढे 1892 मध्ये प्रायश्चित्त घेतलं, आणि त्याबद्दल सुधारक मंडळींनीही त्यांना बोल लावला. एका कपाची ही किंमत. ज्यांच्या हातचं पाणी चालत नाही, त्यांच्या शेजारी बसून खायचं कसं, हा प्रश्न त्या काळी खराच होता. म्हणून जुन्या उपाहारगृहांच्या पाट्यांवर मालकाची जात ठळक लिहिलेली असे, आणि ‘स्वच्छ’ या शब्दात साबणापेक्षा सोवळंच जास्त असे. दादर स्टेशनसमोरचं मामा काणे यांचं ‘स्वच्छ उपाहारगृह’ 1910 चं.

ही जातीपातीची कोंडी मुंबईत फोडली ती इराण्यांनी. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून यझ्द आणि केरमान भागांतून गरिबीला आणि छळाला कंटाळून जरथुष्ट्री माणसं इकडे आली. त्यांच्यामागून इराणी मुसलमानही आले. पुण्याच्या डेक्कनवरचं ‘गुडलक’ 1935 मध्ये काढणारे हुसेन अली यक्षी त्यांच्यातले. कोपऱ्याची जागा अशुभ म्हणून हिंदू दुकानदार घेत नसत आणि ती इराण्यांना स्वस्तात मिळाली, असं सांगतात. खरंखोटं कसंही असो, इराणी कोपऱ्यावरच असायचा. दोन रस्त्यांना दारं, मोठाले आरसे, काळ्या लाकडाच्या वाकवलेल्या खुर्च्या. धोबी तलावचं ‘कयानी’ 1904 चं, ग्रँट रोड स्टेशनासमोरचं ‘मेरवान’ 1914 चं, बॅलार्ड इस्टेटमधलं ‘ब्रिटानिया’ 1923 चं. इथे जात विचारत नव्हते. हमाल आणि वकील शेजारच्या टेबलांवर बसत, एकाच जातीच्या कपात चहा पीत. ‘पानी कम’ म्हटलं की दूध जास्त घातलेला दाट चहा येई.

काय काय करू नये याची लांबलचक यादी मात्र भिंतीवर असे. ‘कयानी’च्या जवळच ‘बस्तानी’ होतं. त्याच्या पाटीवरून निसीम इझिकेल यांना एक कविताच सुचली. त्या पाट्यांवर मुलांच्या वाटेला काही येत नसे, कारण मुलं येतील हे मालकाने धरलेलंच नव्हतं.

मुलांना आवडे ती प्लेट. खारी, नानकटाई, मावा केक, क्रीमरोल असा सगळा माल एका प्लेटीत रचून न मागताच टेबलावर येई, आणि बिल होई फक्त खाल्लं तेवढ्याचं. प्लेट समोर असताना तिच्यातलं एकच उचलायचं, हा संयमाचा पाठ कुठल्याही संस्कारवर्गापेक्षा कठीण. वडील डोळ्यांनी मोजत, वेटर डोळ्यांनी मोजे, आणि आम्ही खारीचे पडलेले पापुद्रे बोटाने टिपत बसायचो. त्यांचे पैसे पडत नसत.

उडुपी हॉटेलांची गोष्ट वेगळ्या घराण्याची. उडुपीच्या कृष्णमठाच्या परंपरेत तयार झालेले शिवळ्ळी ब्राह्मण आचारी आधी बाहेर पडले, मग त्याच दक्षिण कानड्यातले शेट्टी. माटुंग्याला स्टेशनासमोर रामा नायक यांचं ‘उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग’ 1942 पासून आहे. बोर्डिंग हे नावच सांगतं, की गिऱ्हाईक कोण: खोली भाड्याची, चूल नाही, दोन वेळचं पोटभर आणि आपल्या चवीचं हवं. गिरगाव-परळच्या खानावळींचंही हेच. तिथे बाया शेगडीवर वीस-पंचवीस कामगारांचं जेवण रांधत. प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ काढलं ते याच खानावळवाल्या बायकांसाठी.

तर मग कुटुंब बसायचं कुठे? त्यासाठी फॅमिली रूम निघाली. कुठे पोटमाळ्यावर, कुठे मागच्या बाजूला लाकडी आडोसे आणि अर्धी झुलती दारं लावून केलेल्या केबिनी. गल्ल्यावरचा माणूस बाई दिसली की मान वर न करता सांगायचा, ‘फॅमिली रूम वर आहे.’ घरंदाज बाईने चारचौघांत बसून खाऊ नये या समजुतीपोटी ही सोय झाली होती, तेव्हा तिचं फार कौतुक करण्यात अर्थ नाही. पण त्या झुलत्या दाराआड एक गोष्ट घडायची. आईला कुणीतरी वाढायचं. घरी ती सगळ्यांच्या शेवटी, गार झालेलं खायची. इथे तिच्यापुढे वाफाळती इडली सगळ्यांच्या आधी यायची. ती आधी कप, मग चमचा, मग चटणीची वाटी तपासायची, आणि मग दहा मिनिटं काही न बोलता खायची. वरच्या मजल्याचे दर आठ आणे-रुपयाने जास्त असत, आणि त्यावर वडील दरवेळी कुरकुर करीत.

आता त्या चवीबद्दल. तो सांबार आज पुढे आला तर पुष्कळजण नाकं मुरडतील. तो पातळ असे, गोडसर असे, आणि भोपळ्याचे दोन तुकडे म्हणजे चैन. तरी तो जिभेवर राहिला, कारण ते पदार्थ घरी होऊच शकत नव्हते. चाळीतल्या खोलीत ओव्हन नव्हता, म्हणून भाजलेलं जे काही असेल – ब्रून, खारी, केक – ते फक्त इराण्याच्या भट्टीतलं. फ्रिज नव्हता, म्हणून गार गोल्डस्पॉट हॉटेलातच. तोही एक बाटली आणि दोन नळ्या. तांदूळ-उडीद पाट्यावर किंवा रगड्यावर वाटायचे म्हणजे बाईचा अर्धा दिवस जाई, म्हणून मराठी घरात डोसा रोजचा नव्हता. सत्तर-ऐंशीच्या दशकांत ‘सुमीत’सारखे मिक्सर घरोघरी आले, पीठ घरी फुगायला लागलं आणि डोसा रविवारच्या नाश्त्याला येऊन बसला. फ्रिज आला, गॅसवरचा ओव्हन आला. उडुप्याच्या हॉटेलातली जादू कमी झाली ती मिक्सरमुळे, आचाऱ्याचा हात बिघडल्यामुळे नव्हे. गोल्डस्पॉटचं दुःख तेवढं निराळं: कोका-कोलाने 1993 मध्ये पार्लेचे ब्रँड घेतले, थम्सअप टिकलं आणि गोल्डस्पॉट बाजारातून गेलं.

या आठवणींत एक मूल नेहमी राहून जातं. टेबल पुसणारा पोऱ्या आमच्याच वयाचा असे. उडुपी-कारकळकडून नात्यातल्या कुणाच्या तरी मागे आलेला, दिवसभर कपबशा विसळणारा, संध्याकाळी कन्नड रात्रशाळेत जाणारा. अशा रात्रशाळा मुंबईत पुष्कळ होत्या आणि त्यांतून शिकलेले पुढे स्वतःची हॉटेलं काढून मालक झाले. पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावरची ‘रूपाली’ आणि ‘वैशाली’ ज्यांनी घडवली, ते जगन्नाथ शेट्टी असेच कोवळ्या वयात कामासाठी गाव सोडून आलेले. 2023 मध्ये ते गेले, तेव्हा पुण्यात शिकून गेलेल्या अनेक पिढ्यांनी हळहळ व्यक्त केली. पण सगळेच पोरे मालक झाले नाहीत. चौदा वर्षांखालच्या मुलांना हॉटेलांत आणि घरकामाला ठेवण्यावर केंद्र सरकारने बंदी घातली ती ऑक्टोबर 2006 मध्ये. तोवर आमचा दोन रुपयांचा डोसा स्वस्त कशामुळे होता, याचं अर्धं उत्तर त्या ओल्या फडक्यात होतं.

उरलेलं अर्धं उत्तर भाड्यात. 1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जागांची भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीला बांधून टाकली. हॉटेल मोक्याच्या कोपऱ्यावर, पण भाडं जुन्या काळातलं, त्यामुळे एका चहावर गिऱ्हाईक तासभर बसलं तरी मालकाचं काही जात नव्हतं. ते निवांतपण स्वभावातून आलं असं आपण समजतो. त्यात कायद्याचा वाटा मोठा होता. याच कायद्यामुळे घरमालकाला दुरुस्तीची इच्छा उरली नाही, इमारती खंगल्या, आणि पुनर्विकासाची वेळ आली तेव्हा कोपऱ्याच्या जागेचं मोल चहाच्या हिशेबात बसेना.

गिऱ्हाईकही गेलं. 18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यांतले बहुतेक परत आत गेलेच नाहीत. लालबाग-परळच्या खानावळी आणि कोपऱ्यावरचे इराणी ज्यांच्या जिवावर चालत, ती पाळी सुटल्यावर येणारी गर्दीच नाहीशी झाली. काहींनी परमिट रूम केल्या, काहींनी पावभाजी आणि चायनीज आणलं. मालकांची मुलं शिकून परदेशी गेली. पहाटे चारला भट्टी पेटवायला त्यांनी परत यावं, असं म्हणण्याचा अधिकार आपल्याला कुठून आला? आपण तरी आपल्या बापाचा धंदा चालवतोय का?

‘बस्तानी’ 2004 मध्ये बंद झालं. 2014 मध्ये ‘मेरवान’ बंद होणार अशी बातमी आली, तेव्हा ग्रँट रोडला रांगा लागल्या, लोकांनी फोटो काढले, मावा केक खोक्यांनी नेले. ते पुढे पुन्हा सुरू झालं ही गोष्ट वेगळी. त्या रांगेतल्यांनी आधी दर महिन्याला एक चहा तिथे घेतला असता, तर बातमीची वेळ कदाचित आली नसती. शेवटच्या दिवशी गळा काढणारं गिऱ्हाईक धंद्याच्या कामाचं नाही.

आता भट्टीचाही प्रश्न आला आहे. हवेच्या प्रदूषणावरच्या सुनावणीत मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये शहरातल्या लाकूड-कोळशावरच्या भट्ट्यांना स्वच्छ इंधनाकडे वळायला सहा महिन्यांची मुदत दिली. शेजारच्यांच्या छातीत जाणारा धूर वारसा म्हणून जपा, असं कुणी म्हणू नये. पण जुन्या विटांच्या भट्टीजागी नवी यंत्रणा बसवायचा खर्च छोट्या बेकरीला पेलणारा नाही, आणि ब्रूनच्या त्या कडक सालीचं पुढे काय होईल ते दिसेलच. महापालिकेने या बदलासाठी लहान बेकऱ्यांना पैशाचा हातभार लावायला हवा, एवढं तरी आपण मागू शकतो.

आणि वाचकहो, नातवंडांना तुमच्या लहानपणच्या हॉटेलात न्यायचं असेल तर रविवारी सकाळी नेऊ नका. तेव्हा तिथे रांग असते आणि वेटरला बोलायला सवड नसते. आठवड्यातल्या एखाद्या दुपारी जा, आणि मुलांना मेनूकार्डाऐवजी वेटरला विचारून मागू द्या. ‘मेरवान’ला जाणार असाल तर मात्र सकाळी लवकर निघा, कारण मावा केक तिथे लवकर संपतो.