ऐनाच्या पोटातलं पाणी

मध्य प्रदेशातल्या भेडाघाटला नाव संगमरवरी कड्यांमध्ये शिरली, की नावाडी यमकं जुळवत एकेक जागा दाखवू लागतो. ही बंदरकूदनी, ती भूलभुलैया! कडे दीडशे कोटी वर्षांहून जुने. पण पोरांनो, आज गोष्ट दगडाची नाही, झाडाची.

हा मुलूख गोंडांचा. राणी दुर्गावतीचं गढा राज्य इथलंच. एडुआर्ड स्यूस नावाच्या ऑस्ट्रियन भूशास्त्रज्ञाने 1885 साली दक्षिणेच्या प्राचीन महाखंडाला नाव दिलं, तेही गोंडवाना. म्हणजे आफ्रिका, अंटार्क्टिका, ऑस्ट्रेलिया यांच्या जन्मकथेत आपले गोंड आहेतच!

त्या गोंडांचा बडादेव राहतो साजाच्या झाडात. आपण विदर्भात त्यालाच ऐन म्हणतो. साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली. देवाला एवढी झाडं सोडून हेच का आवडलं असेल? ते मला ठाऊक नाही, पण त्याचे गुण ऐका. त्याच्या पाल्यावर टसर रेशमाची अळी पोसते. भंडारा-गडचिरोलीत ढीवर मंडळी तिची राखण करतात. आणि ऐन उन्हाळ्यात काही झाडांच्या खोडात पाणी साठलेलं असतं. मार्च 2024 मध्ये आंध्रातल्या पापिकोंडा राष्ट्रीय उद्यानात वनाधिकाऱ्यांनी खोडावरचा फुगवटा छेदला आणि पाण्याची धार लागली. खूण कुणी सांगितली? तिथल्या कोंडा रेड्डी आदिवासींनी. तुम्ही मात्र कोयता घेऊन धावू नका हं! झाडाला जखम होते.

आता मला सांगा, कुठला फुगवटा पाण्याचा, हे त्यांना कोणत्या पुस्तकाने शिकवलं? कुठल्याच नाही. आजाने नातवाला रानात हिंडवत सांगितलं, आपल्या बोलीत. नातू ती बोली विसरला, तर झाड जागेवर राहील, खूण मात्र जाईल. आपल्या गोंडांचंच बघा. समाज एक कोटीहून मोठा. पण 2011 च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा नोंदवणारे सुमारे 29 लाखच. बाकीच्या घरांत आजा कोणत्या बोलीत रान दाखवत असेल?

गडचिरोलीतल्या मोहगावच्या ग्रामसभेने हा धोका ओळखला आणि 2019 मध्ये गोंडी माध्यमाची शाळा काढली. जंगल वाचवायचं तर रोपं लावाच. पण त्या जंगलाची बोली बोलणारी मुलंही वाढू द्या. आणि तुमच्या वर्गात कुणी गोंडी बोलत असेल, तर हसू नका. त्याच्याकडून चार झाडांची नावं शिकून घ्या.